कणसातली भावंडे

मका हे आपल्याकडे फारसे मानाचे पीक नाही. ज्वारीला रोजच्या भाकरीचा मान, बाजरीला संक्रांतीचा, तांदळाला अक्षतांचा. मक्याच्या वाट्याला येतो तो पावसाळ्यातला निखारा आणि वर चोळलेले लिंबू-तिखट. देहूरोडहून जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने लोणावळ्याकडे निघालेल्याला जुलै-ऑगस्टमध्ये जागोजागी कणसांच्या गाड्या दिसतात. बाकीचा मका हिरवा चारा होऊन गोठ्यात जातो किंवा भरडून कोंबड्यांच्या खाद्यात. कणीस पिवळे असते, फार तर पांढरे. यापलीकडे त्याच्याकडे कुणी निरखून पाहत नाही. वाचकांनी एकदा तसे निरखून पाहावे, एवढ्यासाठी हा सारा खटाटोप आहे.

मका निळाही असतो, जांभळा, गडद लाल आणि जवळजवळ काळाही असतो. असे दोन रंगांचे वाण शेजारी लावले, एकाचा पराग दुसऱ्याच्या केसांवर पोचवला, तर काय होते, का होते आणि ते घरच्या परसबागेत कसे करून पाहावे, हा या पुस्तिकेचा विषय. विषय लहान दिसतो खरा. पण आनुवंशिकतेचे शास्त्र ज्या मोजक्या सजीवांच्या आधारावर उभे राहिले, त्यांत वाटाणा आणि फळमाशी यांच्या पंक्तीला मका बसतो. भिंग नको, प्रयोगशाळा नको, एका कणसात तीन-चारशे संततीचा हिशेब हातात ठेवावा, अशी सोय या तिघांत मकाच देतो.

देहूरोडसारख्या ठिकाणी बसून हे लिहावे, याला कारण आहे. एका अंगाला तुकोबांचे देहू, दुसऱ्या अंगाला घोरवडेश्वराचा डोंगर, मध्ये लष्करी छावणी, आयुध निर्माणी आणि भोवती चाकणपर्यंत पसरलेला कारखान्यांचा पट्टा. इथली बरीच कुटुंबे खानदेशातून, मराठवाड्यातून, विदर्भातून आलेली. शेती एका पिढीने मागे राहिलेली, पण मातीत हात घालण्याची खोड सुटलेली नाही. क्वार्टरमागच्या दहा बाय दहाच्या तुकड्यात, रावेत-किवळ्याच्या सोसायट्यांच्या गच्चीवर वांगी, मिरच्या, कढीपत्ता हौसेने वाढतोच. शिवाय मक्याच्या संकराच्या दृष्टीने शहरी वस्तीचा एक फायदा आहे, तो सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. मक्याचा पराग वाऱ्यावर जातो. म्हणून प्रमाणित बियाण्याच्या शेताला दुसऱ्या मक्यापासून साधारण 200 मीटर अंतर राखावे लागते. शेतकऱ्याला ते मिळवताना नाकीनऊ येतात. तुमच्या गच्चीच्या आसपास मात्र मक्याचे दुसरे ताट असण्याचा संभवच कमी. मामुर्डी-गहुंज्याकडे, जिथे शेती अजून टिकून आहे, तिथल्या वाचकांनी तेवढी शेजारच्या चाऱ्याच्या मक्यावर नजर ठेवावी.

आणखी एक गोष्ट. या कामात बागकामाच्या हातगुणापेक्षा नोंदीची शिस्त जास्त लागते. कोणत्या झाडाचा पराग, कोणत्या कणसावर, कोणत्या तारखेला, हे त्याच क्षणी लिहावे लागते. नाहीतर महिन्याभराने हातात सुंदर कणीस असते आणि त्याचा बाप कोण हे कुणालाच सांगता येत नाही. जॉबकार्ड भरण्यात आयुष्य गेलेला क्वालिटी खात्यातला माणूस वनस्पतिशास्त्राच्या पदवीधरापेक्षा या कामात लवकर तयार होतो, असे माझे प्रामाणिक मत आहे.

आता थोडे मागे जाऊ. दक्षिण मेक्सिकोतल्या बाल्सास नदीच्या खोऱ्यात टिओसिंटे नावाचे एक रानगवत उगवते. साधारण 9000 वर्षांपूर्वी तिथल्या लोकांनी त्यातून निवडत निवडत मका घडवला. टिओसिंटेचे कणीस बोटभरही नसते आणि पिकले की दाणे आपोआप गळून पडतात. मक्याचे दाणे गळत नाहीत. पानांच्या आवरणात घट्ट बसतात आणि माणसाने सोलून पेरल्याशिवाय त्यांची पुढची पिढी निभत नाही. माणसावर इतके विसंबलेले दुसरे धान्य सांगणे अवघड. भारतात ते 16व्या शतकात पोर्तुगीजांच्या मागोमाग आले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. त्याआधीच ते इथे होते, असाही एक दावा आहे. कर्नाटकात सोमनाथपूरच्या 13व्या शतकातल्या होयसळ मंदिरातील मूर्तींच्या हातांत मक्याची कणसे आहेत, असे जोहानेसन आणि पार्कर यांनी 1989 मध्ये मांडले. पायक आणि सचान या भारतीय मका-अभ्यासकांनी 1993 मध्ये ते खोडून काढले. वाद रंजक आहे आणि मंदिर तर पाहण्याजोगे आहेच. मला स्वतःला पायक-सचान यांचे म्हणणे पटते.

महाराष्ट्रात मका पोटाचे धान्य म्हणून मुरला तो सातपुड्यात. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याकडे भिल्ल आणि पावरा कुटुंबे मक्याची भाकरी रोजच्या जेवणात खातात आणि पुढच्या पेरणीचे बी घरचेच ठेवतात. बाएफ या पुण्याच्या संस्थेने धडगाव भागात त्यांच्या स्थानिक मका वाणांच्या जतनाचे काम केले आहे. वाचकांनी हे ध्यानात घ्यावे, कारण आपल्या राज्यात मक्याचे वैविध्य शोधायचे तर पुस्तकाआधी तिथल्या घरांत शोधावे लागते. देशाच्या पातळीवर 1957 मध्ये मका सुधारणेचा अखिल भारतीय समन्वित प्रकल्प सुरू झाला, 1961 मध्ये ‘गंगा’, ‘रणजित’, ‘डेक्कन’ ही पहिली संकरित वाणे आली. आपल्याकडे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे कोल्हापूरचे केंद्र हे काम करते. या साऱ्यांचा रोख उत्पन्नावर होता आणि तो असायलाच हवा होता. रंगाकडे पाहण्याची चैन परसबागेलाच परवडते.

ही चैन शक्य होते ती झाडाच्या रचनेमुळे. मक्यात नर आणि मादी एकाच ताटावर, पण वेगवेगळ्या जागी असतात. शेंड्यावरचा तुरा नर. पानांच्या बगलेत येणारे कणीस मादी. कणसाच्या टोकातून जे केस लोंबतात, त्यातला प्रत्येक केस आत एकेका होऊ घातलेल्या दाण्याला जोडलेला असतो. केसावर परागकण पडला की त्यातून एक नलिका निघते आणि केसाच्या लांबीभर उतरून साधारण दिवसभरात दाण्यापर्यंत पोचते. म्हणजे चारशे दाण्यांच्या कणसाला चारशे वेगळे परागकण लागले. ते एका झाडाचे असतील, दहा झाडांचे असतील. एकाच कणसात एका आईची आणि अनेक बापांची भावंडे दाटीवाटीने बसलेली असतात. ज्या केसाला पराग मिळाला नाही, त्याची जागा रिकामी राहते.

इथवर सोपे आहे. पुढचा मुद्दा वाचकांनी सावकाश वाचावा, कारण सगळी गंमत त्यात आहे. परागनलिकेतून एक नव्हे, दोन पुंयुग्मके आत जातात. एक अंडपेशीला मिळते आणि त्यापासून भ्रूण, म्हणजे उद्याचे रोप तयार होते. दुसरे आईच्या दोन केंद्रकांना मिळते आणि त्यापासून भ्रूणपोष, म्हणजे दाण्यातले पीठ. हे दुहेरी फलन सर्गेई नवाशिन यांनी 1898 मध्ये प्रथम दाखवले. त्यामुळे ज्या पिठाला आपण नुसता साठा समजतो, त्यातही बापाचा एक वाटा असतो, आईचे दोन.

आता रंग कुठे असतो ते पाहू. मक्याच्या दाण्याला बाहेरून आत असे तीन थर धरा. सगळ्यात बाहेर साल, लाह्या खाताना दातांत अडकते ती. ही साल पूर्णपणे आईची असते. तिच्यात परागाचा काहीही संबंध नाही. सालीच्या आत जेमतेम एका पेशीच्या जाडीचा ॲल्युरोन नावाचा थर असतो. तो भ्रूणपोषाचाच बाहेरचा भाग आणि निळा-जांभळा रंग बहुधा तिथे असतो. त्याच्या आत पीठ, ते पांढरे किंवा पिवळे. गडद लाल रंग पुष्कळदा सालीतच असतो.

या एवढ्या माहितीवर नवख्या माणसाचे निम्मे गोंधळ मिटतात. समजा, पांढऱ्या मक्याच्या केसांवर तुम्ही निळ्या मक्याचा पराग टाकला. ॲल्युरोनमध्ये बापाचा वाटा असल्यामुळे निळे दाणे त्याच कणसात, त्याच हंगामात दिसतात. परागाचा परिणाम दाण्यावर असा लगेच दिसतो, त्याला शास्त्रात झेनिया म्हणतात. उलट, पांढऱ्या मक्यावर लाल सालीच्या मक्याचा पराग टाकला तर कणीस पांढरेच निघते आणि आपण समजतो की संकर फसला. तो फसलेला नसतो. साल आईची, म्हणून लाल रंगाला एक पिढी थांबावे लागते. ते पांढरे दाणे पेरा, त्यांच्या झाडांवर लाल कणसे येतील. पिवळे पीठ पांढऱ्यावर प्रभावी असते आणि तेही त्याच हंगामात दिसते. निळ्या ॲल्युरोनखाली पिवळे पीठ असेल तर दाणा हिरवट भासतो. वर लाल साल असेल तर जवळजवळ काळा. अशा दाण्याचे कोडे सोडवायचे तर तो रात्रभर पाण्यात भिजत घाला, सकाळी नखाने साल सोलून काढा आणि खाली काय आहे ते पाहा. कशिद्याच्या सुईनेही हे काम होते, पण नख बरे. दाणा चिरत नाही.

अपवाद आहेतच, आणि ते लपवून वाचकाला आत ओढणे योग्य नाही. काही पांढऱ्या वाणांत रंग दाबून टाकणारे प्रभावी जनुक असते. तिथे निळा पराग कितीही टाका, दाणा पांढराच. लाह्यांच्या मक्याचे काही वाण परक्या मक्याचा पराग केसावर रुजूच देत नाहीत. आणि काही वाणांत तर रंगाचे जनुक आईकडून आले की दाणा भरीव रंगाचा, तेच बापाकडून आले की ठिपक्याठिपक्यांचा होतो. जनुक तेच, आले कुणाकडून यावर त्याचे वागणे ठरते. जेरी कर्मिकल यांनी 1970 मध्ये मक्यातच हे दाखवले. म्हणून प्रत्येक संकर शक्यतो दोन्ही बाजूंनी करावा, याचा पराग त्याला आणि त्याचा याला.

ठिपक्यांचा विषय निघाला तर बार्बरा मॅक्लिंटॉक यांचे नाव घ्यावेच लागते. 1931 मध्ये हॅरिएट क्रेटन यांच्यासोबत त्यांनी मक्याच्या रंगीत दाण्यांवरून दाखवून दिले की गुणसूत्रे आपसांत तुकड्यांची अदलाबदल करतात. 1940च्या दशकात कोल्ड स्प्रिंग हार्बर इथे त्या आपल्या मक्यातले छिटेदार दाणे पाहत राहिल्या. त्यांवरून त्यांनी ताडले की जनुकांचे काही तुकडे गुणसूत्रावर जागा बदलतात. रंगाच्या जनुकात असा तुकडा शिरला की रंग बंद होतो, तो निघून गेला की तिथून पुढच्या पेशींत रंग परत येतो. दाणा वाढत असताना तो लवकर निघाला तर मोठा डाग, उशिरा निघाला तर टिंब. जनुके जागा सोडतात ही गोष्ट त्या काळी फारशी कुणाच्या पचनी पडली नाही. नोबेल मिळाले 1983 मध्ये, वयाच्या 81व्या वर्षी. तुमच्या कणसात असा छिटेदार दाणा निघाला तर तो रोगट समजून फेकू नका, वेगळ्या पुडीत ठेवा.

आता कामाचे. मका एका ओळीत लावू नये. पराग वाऱ्यासोबत निघून जातो आणि कणसे अर्धी रिकामी राहतात. चार ओळी, प्रत्येकी चार-पाच झाडे, असा चौकोन करावा. गच्चीवर मोठ्या ग्रो-बॅगमध्ये दोन झाडे नीट येतात. तुऱ्यातून पराग सुटतो तो मुख्यतः सकाळी दव उडाल्यावर, साधारण नऊ ते अकराच्या सुमारास. पहिल्या पाळीच्या माणसाची इथे पंचाईत आहे. दुसऱ्या पाळीवाला सुखी. मात्र या पट्ट्यात बहुतेक कारखान्यांना सुट्टी गुरुवारी असते, आणि केस काही दिवस पराग स्वीकारत राहतात, त्यामुळे एखादा गुरुवार हाती लागतोच.

हाताने परागण करायचे तर कणीस दिसू लागताच, केस बाहेर पडण्याच्या आधी, त्यावर बटरपेपरची पिशवी चढवावी. एकदा केस उघड्यावर आला की त्यावर काय पडले ते सांगता येत नाही. केस निघाल्यावर, परागणाच्या आदल्या संध्याकाळी त्यांचे टोक कात्रीने सारखे कापावे. सकाळपर्यंत ते पुन्हा वाढून एकसारखा ताजा झुबका तयार होतो. त्याच संध्याकाळी बापाच्या तुऱ्यावर खाकी कागदी पिशवी बांधावी. सकाळी तुरा वाकवून पिशवीत झटकला की पिवळी पूड जमते. ती केसांवर पालथी करून तीच पिशवी कणसावर चढवायची, देठाशी स्टेपल करायची, आणि पेन्सिलीने लिहायचे: आधी आई, मग बाप, मग तारीख. प्लॅस्टिकची पिशवी वापरू नये; आत घाम धरतो आणि पराग मरतो.

पिशव्या न बांधता वाऱ्यावर सोडलेला चौकोनही पुष्कळ शिकवतो. कणसात बुडाकडच्या दाण्यांचे केस आधी बाहेर पडतात, टोकाकडचे शेवटी. पांढऱ्या मक्याशेजारच्या निळ्या मक्याचा तुरा चार दिवस उशिरा फुटला, तर पांढऱ्या कणसाच्या बुडाला पांढरे दाणे दाटून भरतात आणि वर जाताना निळे दाणे वाढत जातात. त्या आठवड्यात कुणाचा पराग केव्हा उडत होता, हे कणीस सोलून वाचता येते. लवकर फुलणारे वाण आठ-दहा दिवस मागाहून पेरले तर दोघांचा मेळ बसतो.

हंगामाविषयी माझा सल्ला रूढ पद्धतीपेक्षा वेगळा आहे. मावळच्या तोंडावरचा पाऊस परागाला मारक आहे. जूनमध्ये पेरलेला मका ऐन ऑगस्टच्या झडीत फुलतो आणि भिजून गोळा झालेला पराग काही कामाचा उरत नाही. संकर करायचा असेल त्यांनी ऑक्टोबरमध्ये पेरावे. थंडीत वाढ सावकाश होते, पण फुलोऱ्याच्या वेळी आकाश कोरडे मिळते. पोंग्याकडे मात्र रोज पाहावे. अमेरिकन लष्करी अळी 2018 मध्ये भारतात आली आणि तेव्हापासून ती दोन कुंड्यांचा मकाही सोडत नाही. पोंग्यात भुशासारखी विष्ठा दिसली की अळी हाताने काढून टाकावी. वीस झाडांसाठी तेवढे पुरते.

बियाण्याबाबत दोन शब्द. दुकानातला गुलाबी दाणा म्हणजे रंगीत मका नव्हे. तो औषध चोळलेला असतो आणि खाण्यात जाता कामा नये. स्वीट कॉर्नचे बी वाळल्यावर सुरकुततेच. हा गोडवा अप्रभावी गुण आहे. त्यावर निळ्या मक्याचा पराग टाका, दाणे गुबगुबीत निघतील. ते पेरून आलेल्या झाडांत आपसांत परागण होऊ द्या, पुढच्या कणसात चारांत एक दाणा पुन्हा सुरकुतलेला मिळेल. मेंडेलचे तीनास एक हे प्रमाण एवढ्या उघडपणे मोजायला दुसरीकडे मिळत नाही, आणि शाळकरी मुलांना ते बोटाने मोजता येते. रंगीत मका म्हणजे जनुकीय फेरफार केलेला, असाही एक समज आढळतो. तो चुकीचा आहे. हे रंग हजारो वर्षांचे आहेत, आणि भारतात जनुकीय बदल केलेल्या मक्याच्या लागवडीला परवानगी नाही.

अनेकांना या छंदाकडे ओढते ते ‘ग्लास जेम’चे छायाचित्र. काचेच्या मण्यांसारख्या दाण्यांचे हे कणीस 2012 मध्ये जगभर गाजले. ते ओक्लाहोमातल्या कार्ल बार्न्स या चेरोकी वंशाच्या शेतकऱ्याच्या अनेक वर्षांच्या निवडीतून आले. पहिल्याच हंगामात तसे कणीस मिळेल, ही अपेक्षा वाचकांनी ठेवू नये. मिश्र रंगांचे बी पेरून मिश्र कणीस मिळवणे सोपे आहे; तो रंग पिढ्यान्‌पिढ्या टिकवणे अवघड. स्वतःच्याच परागावर मका फार काळ वाढवला तर झाडे खुजी आणि दुबळी होत जातात. वाण टिकवायला शंभरावर झाडे लागतात, ती परसबागेत बसत नाहीत. म्हणून चार-पाच घरांनी मिळून एकच वाण लावावा आणि बी एकत्र करावे, हा मार्ग मला व्यवहार्य वाटतो.

एका बाबतीत मात्र आग्रह धरतो. आपल्या गच्चीवर मिसळलेले बी सातपुड्यातल्या किंवा कुठल्याही जतन केलेल्या स्थानिक वाणाच्या गावात भेट म्हणून नेऊ नका. वाऱ्याने पराग गेला की तिथल्या कुटुंबांनी राखलेला वाण एका हंगामात गढूळ होतो. 2001च्या वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला बी राखण्याचा, देण्याघेण्याचा हक्क दिला आहे. त्या हक्काने मिळालेले बी आणले तर वेगळे लावा, त्याचे गाव आणि वाणाचे नाव पुडीवर लिहा, आणि संकरासाठी त्यातले थोडेच वापरा.

पुस्तिका सुरुवातीपासून वाचण्याची सक्ती नाही. ज्यांना आधी हात लावून पाहायचे आहे त्यांनी परागणाच्या प्रकरणापासून सुरुवात करावी, रंगांच्या थरांचे प्रकरण कणीस हाती आल्यावर वाचावे. तेव्हा ते अधिक कळेल. जनुकांच्या चिन्हांचे कोष्टक शेवटी ठेवले आहे, त्याला भिऊ नये. पहिल्या वर्षी दोनच वाण घ्या, एक पांढरा आणि एक निळा. पिशव्या, स्टेपलर आणि पेन्सिल पेरणीच्या दिवशीच आणून ठेवा. केस बाहेर पडल्यावर पिशव्या शोधायला निघालात, तर ते कणीस भाजून खायच्याच कामाचे.